मोबाइल हातात आहे, विद्यापीठाचे ग्रंथालय त्यात कधी येणार?

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांचे आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी हे विद्यापीठ स्थापन झाले. मुख्य परिसर नांदेडजवळ विष्णुपुरीला आहे आणि लातूरला उपपरिसर आहे. विद्यापीठाचे मोठे ग्रंथालय, म्हणजे ज्ञानस्रोत केंद्र, विष्णुपुरीला. किनवट-माहूरकडचा विद्यार्थी असो की औसा-निलंग्याकडचा, हे ग्रंथालय त्याच्या घरापासून शंभर किलोमीटरहून जास्त दूर आहे. एक संदर्भ बघायला यायचे म्हटले की दिवस मोडतो, एसटीचे भाडे जाते आणि सुट्टीत कामाला जाणाऱ्याची त्या दिवसाची मजुरीही बुडते. मुलींना २०२३ पासून एसटीत निम्मे तिकीट आहे, पण संध्याकाळची गाडी चुकवून चालत नाही. म्हणजे वाचायला प्रत्यक्षात दोन-तीन तास मिळतात.

याच विद्यार्थ्याच्या खिशात स्मार्टफोन आहे आणि त्यात रोजचा दीड-दोन जीबी डेटा आहे. दुसऱ्या बाजूला विद्यापीठे आणि महाविद्यालये दरवर्षी ज्यावर खर्च करतात त्या नियतकालिकांचा, पुस्तकांचा आणि प्रबंधांचा मोठा भाग आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आहे. या दोन टोकांच्या मध्ये एक माणूस उभा आहे, तो म्हणजे ग्रंथपाल. त्याने मोबाइल आपल्या कामात आणला तर विष्णुपुरीचे ग्रंथालय किनवटच्या खोलीत पोहोचते. त्याने आणला नाही, तर पैसे भरलेली पुस्तके कुणी न उघडता पडून राहतात.

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली घरातली पदवीपर्यंत पोहोचलेली पहिली पिढी आहेत. घरात पुस्तकांचे कपाट नाही आणि ‘अमुक ठिकाणी बघ’ असे सांगणारे कुणी नाही. त्यांच्यासाठी ग्रंथपाल हाच पहिला मार्गदर्शक असतो. म्हणून हा विषय केवळ ग्रंथालयशास्त्राचा न मानता विद्यार्थी कार्यकर्त्यांनी समजून घ्यायला हवा.

‘मोबाइल स्वीकारला’ असे कधी म्हणायचे?

आज प्रत्येक ग्रंथपालाकडे फोन आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे. पण फोन असणे आणि फोनवरून ग्रंथालयाची सेवा देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ही सेवा साधारण तीन पायऱ्यांनी वाढते.

पहिली पायरी माहितीची. ग्रंथालयाची वेळ, सुट्ट्या, नवी पुस्तके, परत करायची तारीख, जुन्या प्रश्नपत्रिका, शिष्यवृत्ती आणि नेट-सेटच्या सूचना फोनवर येऊ लागतात. बहुतेक ठिकाणी व्हॉट्सअ‍ॅप गटाने एवढे काम झाले आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत वाचनकक्ष बंद झाले तेव्हा अनेक ग्रंथपालांनी हे गट सुरू केले.

दुसरी पायरी शोधाची. ग्रंथालयात कोणते पुस्तक आहे, ते आता शेल्फवर आहे की कुणी नेले आहे, हे घरबसल्या कळले पाहिजे. या ऑनलाइन सूचीला ‘ओपॅक’ म्हणतात. आपल्याकडच्या महाविद्यालयांत त्यासाठी प्रामुख्याने दोन सॉफ्टवेअर दिसतात. ‘सोल’ हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे. ‘कोहा’ हे न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झाले आणि २००० साली तिथे वापरात आले. कोहा कुणालाही मोफत वापरता येते. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. कोहाची सूची फोनच्या पडद्यावर व्यवस्थित बसते. सूची इंटरनेटवर ठेवलेली असेल तर देगलूरची मुलगी बसमध्ये बसण्याआधी पुस्तक जागेवर आहे की नाही ते बघू शकते. प्रत्यक्षात अनेक महाविद्यालयांत सॉफ्टवेअर घेतलेले असते, हजारो पुस्तकांच्या नोंदीही झालेल्या असतात, पण सूची फक्त ग्रंथालयातल्या एका संगणकावर उघडते. मग ती सूची आणि जुने कार्डांचे कपाट यांत विद्यार्थ्याच्या दृष्टीने फारसा फरक राहत नाही.

तिसरी पायरी प्रत्यक्ष मजकुराची. म्हणजे लेख, पुस्तक किंवा प्रबंध फोनवर उघडणे. खरा लाभ इथे आहे आणि आपली गाडी बहुतेक वेळा इथेच अडते.

आधीच पैसे भरलेली पुस्तके

तिसऱ्या पायरीवर काय उपलब्ध आहे, हे एकदा नावानिशी पाहू.

महाविद्यालयांसाठी सर्वांत महत्त्वाची सेवा आहे ‘एन-लिस्ट’. ती इन्फ्लिबनेट चालवते. अनुदानित महाविद्यालयाला वर्षाला काही हजार रुपयांच्या वर्गणीत हजारो नियतकालिके आणि दोन लाखांच्या आसपास ई-पुस्तके या योजनेतून मिळत आली आहेत. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला पदोपदी लागणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ही या यादीत राहिले आहे. हे उघडायला प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतंत्र आयडी लागतो. महाविद्यालयाचा ग्रंथपाल विद्यार्थ्यांची नावे आणि ई-मेल पत्ते एन-लिस्टच्या पानावर नोंदवतो, विद्यार्थ्याला ई-मेलवर लॉगिन येते आणि पुढे फोन, संगणक कुठूनही वाचता येते. ग्रंथपालाने नाव नोंदवले नाही तर वर्गणी भरलेली असूनही विद्यार्थ्यासाठी दार बंद राहते.

विद्यापीठ परिसरातल्या संशोधकांसाठी ‘इन्फेड’ नावाची सोय आहे. एरवी विद्यापीठाने घेतलेली नियतकालिके परिसरातल्या इंटरनेटवरच उघडतात. इन्फेडमध्ये आपल्या विद्यापीठाचे नाव निवडून, मिळालेला आयडी टाकून, घरूनही ती उघडता येतात. हा आयडीसुद्धा संस्थाच देते.

तिसरी गोष्ट नवी आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्थांना यातून मिळणार आहेत. आपली संस्था या यादीत आहे का आणि असल्यास घरून वापरायचे कसे, हे सांगण्याचे काम पुन्हा ग्रंथपालाचेच.

काही दारे मात्र कुलपाशिवाय उघडी आहेत. ‘शोधगंगा’ वर देशभरातल्या विद्यापीठांचे काही लाख प्रबंध आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनुसार प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. त्यामुळे नांदेड विद्यापीठात मराठवाड्यातील शेतमजूर, स्थलांतर, दलित साहित्य, स्त्रिया आणि आरोग्य अशा विषयांवर आधी कुणी काय काम केले, ते फोनवर शोधता येते. पीएच.डी.चा विषय निवडण्याआधी शोधगंगेवर दोन दिवस घालवले तर पुढची दोन वर्षे वाचू शकतात. आयआयटी खरगपूरने उभारलेली ‘नॅशनल डिजिटल लायब्ररी’ जून २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. तिचे अ‍ॅपही आहे. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही अशा दृष्टिबाधित वाचकांसाठी २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ आहे. अँड्रॉइड फोनमध्ये मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय असतेच. एखाद्या अंध विद्यार्थ्याला या दोन गोष्टी जोडून देणारा ग्रंथपाल त्याचे शिक्षण वाचवतो, असे म्हटले तरी चालेल.

मराठीतून शिकणाऱ्यांचे काय?

वरच्या यादीतली एक अडचण लगेच लक्षात येते. यातला फार मोठा भाग इंग्रजीत आहे. उदगीर किंवा मुखेडच्या महाविद्यालयात मराठी माध्यमातून बी.ए. करणाऱ्याला एन-लिस्टचा आयडी दिला, तरी तो दोनदा उघडून सोडून देईल. इथे तंत्रज्ञान संपते आणि ग्रंथपालाचे मूळ काम सुरू होते, ते म्हणजे योग्य वाचकापर्यंत योग्य पुस्तक पोहोचवणे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. पुस्तके वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि वाचकाचा वेळ वाचावा, असा त्यांचा आशय आहे. फोन आल्यानंतरही कसोटी हीच राहते.

मराठीत फोनवर वाचण्याजोगे अधिकृत साहित्य आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच आहे. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची शेकडो पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन आणि भाषणांचे जे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केले, त्यांतील इंग्रजी खंडांच्या पीडीएफ केंद्रीय परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत.

हा शेवटचा मुद्दा चळवळीतल्या प्रत्येकाशी संबंधित आहे. बाबासाहेबांच्या नावाने रोज कितीतरी वाक्ये आपल्या फोनवर फिरतात. कोणते वाक्य कोणत्या खंडात आहे, कोणत्या पानावर आहे, कोणत्या वर्षीच्या भाषणातले आहे, याचा पत्ता त्यात नसतो. काही वाक्ये तर त्यांची नसतातच. वादविवादात समोरच्याने ‘हे कुठे लिहिले आहे?’ असे विचारले की आपला कार्यकर्ता गडबडतो. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ हे मूळ इंग्रजी भाषण पहिल्या खंडात आहे आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ अकराव्या खंडात आहे. खंड फोनमध्ये उतरवून ठेवला आणि त्यात शब्द शोधायला शिकलो, तर दोन मिनिटांत मूळ मजकुरापर्यंत जाता येते. एखाद्या ग्रंथपालाने एवढी एक गोष्ट शंभर विद्यार्थ्यांना शिकवली तरी वसतिगृहातल्या आणि विहारातल्या चर्चेची पातळी बदलेल.

आज ही जागा कुणी भरून काढली आहे? टेलिग्रामवरच्या चॅनेलनी. तिथे गाइड, नोट्स आणि स्कॅन केलेली पुस्तके फुकट मिळतात, पण अर्धी पाने नसलेली, जुन्या अभ्यासक्रमाची आणि लेखक-प्रकाशकाच्या परवानगीशिवाय टाकलेली. विद्यार्थी तिकडे जातो तो आळशी आहे म्हणून नव्हे. टेलिग्रामवर विचारले की पाच मिनिटांत उत्तर येते आणि ग्रंथालयात विचारायला आधी रांग आणि शिक्का लागतो, हे त्याला अनुभवाने कळलेले असते.

मग अडते कुठे?

नवे तंत्र माणसे का स्वीकारतात किंवा का टाळतात, यावर समाजशास्त्रात आणि व्यवस्थापनशास्त्रात बराच विचार झाला आहे. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली दाखवून दिले की कोणत्याही समूहात काही थोडे लोक नवी गोष्ट आधी करून बघतात, मोठा गट त्यांच्याकडे पाहून येतो आणि काही शेवटपर्यंत थांबतात. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दोन साधे प्रश्न महत्त्वाचे ठरवले: याचा मला उपयोग आहे का, आणि हे वापरायला सोपे आहे का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ आले की माणूस तंत्र स्वीकारतो.

नांदेड-लातूरच्या ग्रंथपालाला हे प्रश्न लावून बघा. फोनवर सेवा दिली तर त्याचा स्वतःचा उपयोग काय? विद्यार्थ्यांचे मेसेज रात्री अकरालाही येतील. नंबर त्याचा स्वतःचा, फोन त्याचा, रिचार्ज त्याचा. ग्रंथपाल स्त्री असेल तर खासगी नंबर शेकडो मुलांकडे जाण्याची भीती वेगळी. एवढे करून वर्षअखेरच्या मूल्यमापनात या कामाला वेगळे स्थान असेलच असे नाही. ‘सोपे आहे का’ या प्रश्नाचे उत्तरही एकटा माणूस देऊ शकत नाही. कित्येक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद रिक्त आहे आणि एखाद्या प्राध्यापकाकडे किंवा लिपिकाकडे प्रभार आहे. जिथे ग्रंथपाल आहे तिथे देवघेव, परीक्षेची कामे, प्रवेशाची कामे आणि मूल्यांकनाच्या फायली त्याच्याकडेच येतात. पाचशे विद्यार्थ्यांची नावे आणि ई-मेल एन-लिस्टवर चढवायला त्याला वेळ कुठून मिळणार?

म्हणून ‘जुन्या पिढीचे ग्रंथपाल मोबाइलला घाबरतात’ हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही. तेच ग्रंथपाल फोनवरून बँकेचे व्यवहार करतात, रेल्वेचे तिकीट काढतात, नातवंडांशी व्हिडिओवर बोलतात. व्यक्ती म्हणून त्यांनी मोबाइल केव्हाच स्वीकारला आहे. संस्थेने मात्र तो अजून स्वीकारलेला नाही. ग्रंथालयाच्या नावाने सिमकार्ड नाही, हँडसेट नाही, उत्तर देण्याची ठरलेली वेळ नाही, लेखी धोरण नाही. परिणाम असा की उत्साही ग्रंथपाल सेवा सुरू करतो आणि तो निवृत्त झाला किंवा त्याची बदली झाली की गट मुका होतो, पासवर्ड हरवतो, सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्न यांनी १९२२ साली सांगितले होते की साधने वेगाने पुढे जातात आणि नियम, सवयी, संस्था मागे रेंगाळतात. आपल्याकडच्या ग्रंथालयांची सध्याची स्थिती नेमकी अशी आहे.

दुसरी अडचण कॉपीराइटच्या भीतीची. विद्यार्थी पुस्तकाच्या प्रकरणाचा फोटो मागतो आणि ग्रंथपाल ‘नियमात बसत नाही’ म्हणतो. प्रत्यक्षात कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये खासगी अभ्यासासाठी, संशोधनासाठी आणि अध्यापनासाठी वाजवी वापराला सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील भागांच्या प्रती काढण्याच्या बाजूने निकाल दिला. याचा अर्थ अख्खे पुस्तक स्कॅन करून गटावर टाकावे असा होत नाही. पण एका विद्यार्थ्याला त्याच्या अभ्यासासाठी पुस्तकातली काही पाने पाठवणे आणि पुस्तकाची चोरटी पीडीएफ वाटणे यांतला फरक ग्रंथपालांना आणि आपल्यालाही माहीत असायला हवा.

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचे काय?

मोबाइलची बाजू मांडताना एक गोष्ट विसरता येणार नाही. फोन सगळ्यांकडे नाही, आणि घरात असला तरी तो मुलीच्या हातात असेलच असे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, तर पुरुष ५७ टक्के. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागातल्या जेमतेम ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि सुमारे १५ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. त्यानंतर फोन वाढले आहेत. पण घरात एकच फोन असेल तर तो आधी भावाच्या हातात जातो, हे आपण आजूबाजूला पाहतोच.

या आकड्यांवरून दोन गोष्टी निघतात. ग्रामीण विद्यार्थ्यासाठी संगणक हा पर्याय जवळजवळ नाही, त्यामुळे ग्रंथालयाची कोणतीही सेवा फोनच्या छोट्या पडद्यासाठी आणि कमी नेटवर्कसाठीच आखली पाहिजे. माहूर-किनवटच्या डोंगराळ भागात रेंज जाते-येते, म्हणून जड फाइलीपेक्षा हलकी फाइल आणि ऑनलाइन वाचण्यापेक्षा एकदा उतरवून ठेवून वाचण्याची सोय उपयोगी पडते. दुसरी गोष्ट अशी की फोनच्या नावाखाली वाचनकक्ष, छापील पुस्तके आणि पुस्तकपेढी यांवरचा खर्च कापला जात असेल तर त्याला विरोध करावा लागेल. एका खोलीच्या घरात राहणाऱ्या मुलाला फोनवर पुस्तक मिळाले तरी शांत जागा मिळत नाही. बाबासाहेब लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात दिवसचे दिवस बसले. त्यांना तिथे पुस्तक मिळत होते आणि बसायला टेबल-खुर्चीही मिळत होती. आपल्या विद्यार्थ्यालाही दोन्ही लागते.

आपण काय मागायचे?

मागणी करण्याआधी माहिती हातात असावी. त्यासाठी एक सोपा मार्ग आहे. महाविद्यालयाच्या नॅक मूल्यांकनात निकष ४.२ ग्रंथालयाचा आहे. ग्रंथालय संगणकीकृत आहे का, ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके घेतली आहेत का, ती बाहेरून वापरता येतात का, पुस्तकांवर किती खर्च झाला आणि रोज किती जण ग्रंथालय वापरतात, असे प्रश्न त्यात आजवर विचारले गेले आहेत. महाविद्यालयाने दिलेली उत्तरे वार्षिक गुणवत्ता अहवालात असतात आणि हा अहवाल महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवणे अपेक्षित आहे. म्हणजे तो तुमच्या फोनवर उघडतो. त्यात ‘एन-लिस्टचे सदस्यत्व: होय’ असे लिहिले असेल आणि तुमच्याकडे आयडी नसेल, तर तुमचा अर्ज तयार झाला. आपल्या प्रवेशाच्या पावतीवर ग्रंथालय शुल्क किती आहे तेही बघून ठेवा.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, प्रत ग्रंथपालांना, भाषा सभ्य आणि मागण्या मोजक्या:

१. चालू वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना एन-लिस्टचे आयडी ठरावीक मुदतीत मिळावेत. ई-मेल नसलेल्यांना ई-मेल उघडून देण्यासाठी एक दिवस ठेवावा.

२. पुस्तकांची सूची फोनवरून पाहता येईल अशी ठेवावी आणि तिचा क्यूआर कोड ग्रंथालयाच्या दारावर, सूचनाफलकावर आणि वसतिगृहात लावावा.

३. ग्रंथालयाच्या नावाने स्वतंत्र नंबर आणि फोन द्यावा. त्यावर व्यवसायासाठीचे व्हॉट्सअ‍ॅप घ्यावे, उत्तर देण्याची वेळ जाहीर करावी. ग्रंथपालांच्या खासगी नंबरवर भार टाकू नये.

४. सूचना देण्यासाठी गटाऐवजी चॅनेल वापरावे. गटात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, चॅनेलवर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मुलींच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

५. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला एक तासिका ‘फोनवर संदर्भ कसा शोधायचा’ यासाठी ठेवावी, आणि ती मराठीतून घ्यावी.

६. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी ग्रंथालयात दोन-तीन टॅबलेट किंवा संगणक राखून ठेवावेत.

यातली कोणतीही मागणी लाखो रुपयांची नाही. पहिली तर जवळजवळ बिनखर्चाची आहे, कारण वर्गणी आधीच भरलेली असते. उत्तर आलेच नाही तर माहिती अधिकार कायदा २००५ आहेच. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयाकडे किती आयडी दिले आणि वर्षभरात त्यांचा किती वापर झाला, ही माहिती मागता येते. पण तो शेवटचा मार्ग ठेवावा. ग्रंथपाल बहुतेक वेळा आपल्या बाजूचा माणूस असतो. ‘विद्यार्थ्यांची मागणी आहे’ असा लेखी कागद हातात आला, तर मनुष्यबळ आणि फोन मागायला त्यालाही आधार मिळतो.

कार्यकर्त्यांनाही इथे काम आहे. एन-लिस्टच्या यादीसाठी वर्गातली नावे आणि ई-मेल गोळा करून नीट तक्त्यात भरून देणे हे दोन स्वयंसेवकांचे एका दुपारचे काम आहे. ग्रंथपालाला जे काम आठवडाभर पुरते, ते असे हलके होते. ज्या विहारांत अभ्यासिका चालते तिथे रविवारी एक तास ठेवून शोधगंगा, विश्वकोश आणि बाबासाहेबांचे खंड फोनवर कसे उघडायचे ते शिकवता येईल. तिथे वायफाय असेल तर रेंज नसलेल्या गावातून आलेल्या मुलांना आठवड्याचे वाचन उतरवून नेता येईल. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या प्रत्येकाने आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयातील पाच जणांना एवढे शिकवायची जबाबदारी घेतली तरी खूप झाले.

मित्रांनो, जून-जुलैत प्रवेश सुरू होतात आणि तेव्हाच ग्रंथालयाची नवी नोंदणी होते. यंदा ओळखपत्र घ्यायला ग्रंथालयात जाल तेव्हा पुस्तकाच्या कार्डासोबत एक प्रश्न विचारा: ‘सर, मॅडम, माझा एन-लिस्टचा आयडी कधी मिळेल?’ एकट्याने विचारला तर तो विसरला जाईल. वर्गातल्या पन्नास जणांनी विचारला तर ग्रंथपालांना तो प्राचार्यांपर्यंत न्यावाच लागेल.